धुराकडची जागा

“घडी घडी चपला काढा, घडी घडी घाला. देवळात बी एवढं नसते.”

वामनराव हे बायकोच्या कानात बोलले. पण सारा जन्म धान्याच्या अडतीत गेलेला, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा हर्रासातल्या बोलीसारखी चार माणसांना ऐकू जायची. पुढे उभ्या असलेल्या शकुनला तर ती पाठीत येऊन लागली. एरवी असं कोणी कुरकुरलं की ती वळून म्हणायची, “भाऊ, जपानात आले तुमी. अठी चपलीले येगळा पासपोर्ट लागते.” लोक हसायचे आणि हसता हसता चपला निघायच्या. आज तिनं नुसता पदर सारखा केला. आजचा कुरकुरणारा माणूस गिऱ्हाईक नव्हता. सगळं ठरल्यासारखं झालं तर संध्याकाळपर्यंत तो तिचा व्याही होणार होता.

तिवसा सोडून नागपूरच्या अंगाला निघालं की रस्त्यालगत चंद्रभानजींची संत्र्याची बाग होती. बागेला रोग लागला, झाडं काढावी लागली, आणि त्याच साली चंद्रभानजी शेतकऱ्यांच्या दौऱ्यासोबत जपानला जाऊन आले. गेले होते तिथली शेती पाहायला, आले ते तिथली जुनी घरं डोक्यात घेऊन. सुतार लावले, मिस्त्री लावले, गवतानं छप्पर शाकारायला मेळघाटातून माणसं आणली आणि रिकाम्या बागेत तीन घरं उभी केली. फाटकावर ‘जपान ग्राम’ अशी पाटी आहे, पण पंचक्रोशी नुसतं जपान म्हणते.

“कुठं चालली वं शकुन?”

“जपानात. आज शाळेची सहल हाये.”

ती लागली होती झाडझुडीला. घरं फिरवून दाखवायला अमरावतीचा एक टायवाला पोरगा होता. त्याला बँकेत नोकरी लागली तसे चंद्रभानजी म्हणाले, “तू रोज आयकतं ना? मंग तूच सांग.” शकुन सांगू लागली. जे आठवलं ते त्या पोराचं सांगितलं, जे नाही आठवलं ते स्वतःचं घातलं. लोकांना तेच जास्त आवडायचं.

असं शकुन रोज सकाळी जपानात जाई आणि दिवे लागायच्या आत घरी येई. आज रात्री मात्र तिची लेक आचल खऱ्या जपानात निघाली होती. अकोल्याला नर्सिंग केलं, तिथंच संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती भाषा शिकली, परीक्षा दिल्या. तिकडच्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षांची नोकरी मिळाली होती. नागपूरहून रात्रीचं विमान.

आणि पोरगी विमानात बसायच्या आधी तिला कुंकू लावून सोयरीक पक्की करावी, म्हणून अकोल्याच्या जुन्या शहरातून वामनराव आणि मायाबाई आले होते. त्यांचा मुलगा ललित वडिलांच्या दुकानावर बसतो. लग्न तीन वर्षांनी, आचल परत आली की. पाहुणे यायचे होते चार वाजता, थडकले दुपारीच. दीड खोलीच्या घरात त्यांना किती वेळ बसवणार? शकुनचा नवरा श्याम काळीपिवळी चालवतो. गाडीत माणसं बसवली की त्याचं डोकं चालतं, एरवी गडबडतं. तो म्हणाला, “चाला, जपान पाहून येऊ.” आणि सगळ्यांना घेऊन आला, आचललासुद्धा.

शकुन ड्यूटीवर होती. रजा मागितली असती तर मिळाली असती. तिनं मागितली नव्हती. घरात बसवतच नव्हतं. सकाळपासून तिनं तिन्ही घरं दोनदा झाडली होती.

“हे घोड्याचं घर,” तिनं सुरू केलं. “तिकडच्या डोंगरात बरफ असा पडते का घर बुडून जाते. मंग घोड्याले बाहीर कसं ठेवतीन? एका अंगाले माणसं, एका अंगाले घोडा. छत एकच.”

“म्हंजे घोडा बी घरातच?” वामनराव वाकून आत पाहू लागले.

“घरातच. रातच्याले घोडा शिंकला त घरधनी कंदील घेऊन उठे. सून शिंकली त कोणी नाही उठे.”

हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. हे शकुननं घातलेलं, आणि इथं बायका हमखास हसत. मायाबाईही हसल्या. आचल हसली नाही. ती आज पहिल्यांदाच इथं येत होती. कॉलेजात ती सांगायची, “मम्मी टुरिझममदे हाये,” आणि आईचं टुरिझम कसं असतं ते पाहायला कधी आली नव्हती. आता ती घोड्याच्या रिकाम्या गव्हाणीवर हात ठेवून आईकडे असं पाहत होती, जसं काही बाईंनी धड्यातलंच वाक्य वाचलंय आणि ते परीक्षेला येणार आहे.

दुसऱ्या घराकडे जाताना ऊन डोक्यावर होतं. मायाबाईंनी शकुनचा हात धरला. गुडघ्यासाठी धरला, पण धरल्यावर सोडला नाही.

“ताई, पोट्टीची काळजी नका करू तुमी. तीन वर्षं काय, आत्ता जातीन.”

“हो ना,” शकुन म्हणाली.

“आमच्या आत्याबाई, ह्याईची माय, आंथरुनाले खियल्या. पाठीले जखमा झाल्या त्याईच्या. मी करतो सारं, पण मायाच्यानं उचलनं नाही होत आता. आचल आली होती ना पाहाले, तवा तिनं बुढीले कशी अलगद कुशीवर केली. कन्हली बी नाही बुढी. तवापासून एकच धोसरा, हेच पोट्टी आना.”

“तिकडं जपानच्या बुढ्यायवर हात बसू द्या,” मागून वामनराव म्हणाले, “मंग घरचे हावोतच आमी रांगेत.”

श्याम सगळ्यात मोठ्यानं हसला. “तीन वर्षं काय भाऊ, पाहता पाहता जातीन.”

शकुननंही तोंड हसरं केलं. नाव ठेवायला जागा नव्हती. हुंडा नको म्हणाले, नोकरीला नाही म्हणाले नाहीत, वरून आपल्या गाडीनं नागपूरपर्यंत सोडायला निघाले. वाईट माणसं असती तर किती सोपं झालं असतं.

तिच्या डोक्यात सकाळपासून स्कूटी फिरत होती. आचलनं आपली स्कूटी मामाच्या पोरीला, खुशीला, देऊन टाकली होती. नुसती वापरायला नव्हे. अमरावतीला जाऊन तिच्या नावावर करून आली. “पडून पडून गंजून जाईन,” म्हणाली. श्यामला पटलं. खुशीनं पेढे वाटले. मग कपाटातले ड्रेस गेले, हिवाळ्याचे स्वेटर गेले, भिंतीवरचा आरसासुद्धा चुलतबहीण उचलून घेऊन गेली. तीन वर्षांनी येणारी पोरगी एखादा तरी ड्रेस ठेवते. शकुन हे सगळं पाहत गेली आणि गप्प राहिली. आचलनंही आईला पाहताना पाहिलं, आणि तीही गप्प राहिली.

दुसरं घर सगळ्यात उंच. जोडलेल्या हातांसारखं उतरतं छप्पर, आत अंधार, आणि मधोमध भुईतच चौकोनी चूल. वरून दोरानं आकडा टांगलेला, त्यावर काळी केटली. शकुननं सकाळीच तिथं लाकडं पेटवली होती. “गवताले धूर भेटला पायजे. धूर नाही भेटला त किडे छत खाऊन टाकतेत. म्हनून कोणी राहो का नाही, चूल रोज पेटते अठी.”

वामनराव तोवर चुलीच्या पलीकडच्या चटईवर ऐसपैस बसलेही होते. धूर तिकडे जात नव्हता.

“ती जागा घरधन्याची,” शकुन म्हणाली. “तिकडं म्हन आहे, घरधन्याबिगर ह्या जागेवर बसनार कोण? एक मांजर, एक येडा, नाही त एक बुवा.”

“मंग मी कोण?”

“तुमी घरधनी, भाऊ.”

“आता कसं बोलल्या.” ते आणखी पसरले.

“हे बाजू पाहुण्याईची.” श्याम तिथं टेकला. “हे मालकिणीची. भांडे इकडंच राहे, वाढनं तिच्याच हातात.” मायाबाई गुडघा धरत बसल्या. उरली चौथी बाजू. तिथं चटई नव्हती, बाजूला लाकडांचा ढीग होता आणि दारातून येणारा वारा सगळा धूर तिकडेच लोटत होता.

पुढचं वाक्य शकुननं हजार वेळा म्हटलेलं होतं. आज ते न म्हणता तिनं एक लाकूड चुलीत सारलं.

“अन् ही?” मायाबाईंनी विचारलं.

“ही सुनेची. लाकडं सारनार, धूर खानार.”

“मंग काय, बस ना वं आचल, तुयीच जागा हाये.” मायाबाई हसून म्हणाल्या आणि लगेच पुढे, मायेनं, “आमच्याकडं गॅस हाये बापा, घाबरू नको.”

आचल बसली. ओढणी सावरून, पाय मुडपून, जसं तिला वर्गात शिकवलं असेल तसं. धूर तिच्या तोंडावर आला. तिनं तोंड फिरवलं नाही. डोळ्यांतून पाणी गळू लागलं तसं ओढणीच्या टोकानं पुसलं आणि परत समोर पाहू लागली. श्याम म्हणाला, “सरक ना थोडी इकडं.”

“चालते, पपा.”

हा शब्द शकुनला चांगला ओळखीचा होता. आचलला नको असलेल्या प्रत्येक गोष्टीला ती ‘चालते’ म्हणत आली होती. वर्गातल्या सगळ्या पोरी सहलीला गेल्या, हिला पाठवणं झालं नाही, चालते. डॉक्टरकीचा नंबर थोडक्यात हुकला, नर्सिंगला जा, चालते. ललितचं स्थळ आलं, तेव्हा भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, चालते. साऱ्या आयुष्यात एकाच गोष्टीला तिनं हा शब्द लावला नव्हता. जपानची नोकरी लागली तेव्हा अकोल्याहून तिचा फोन आला होता आणि ती इतकंच म्हणाली होती, “मम्मी, मी जातो.”

“चाला, चाला,” शकुन उठली. “धूर लय झाला.”

बाहेर येऊन चपला घालताना वामनराव पुन्हा पुटपुटले. तिसरं घर अगदी लहान, मोठ्या घराच्या सावलीत, एका खोलीचं. त्याच्यासमोर शकुन कधी थांबत नसे. आत फवारणीचा पंप आणि शिडी ठेवलेली, म्हणून “हे स्टोअर हाये” असं सांगून ती पुढे जाई. आजही ती पुढे निघाली.

“हे काय लिवलं अठी?” श्यामनं दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पेंटरनं फोटोत पाहून काढलेली ती वेडीवाकडी जपानी अक्षरं आजवर कोणी वाचली नव्हती. आचल जवळ गेली. ओठ हलवून तिनं वाचलं. पुढे निघालेली शकुन वळून दाराच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आपल्या पोरीला हे वाचता येतं.

“म्हाताऱ्यायचं घर,” आचल म्हणाली. “पोरगा कर्ता झाला का मोठं घर त्याच्या हवाली करायचं अन् मायबापानं अठी येऊन राहायचं. जवळच, पण येगळं.”

“स्टोअर म्हणत होती ना तू?” श्याम शकुनला म्हणाला.

“स्टोअरच हाये आता.”

“हे ब्येस हाये,” वामनराव खूश झाले. “आमचं बी असंच. तुमी तीन वर्षानं या, चाव्या घ्या, आमी मोकये.”

मायाबाईंनी पर्समधून चांदीची डबी काढली. “म्या म्हन्तो, अठीच लावून घेऊ ना कुकू. घरी गर्दी होईन, निघायची घाई होईन. सावली हाये, जागा बी चांगली हाये. नारय गाडीतच हाये.”

श्याम गाडीकडे धावला आणि नारळ घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर मोठी सवारी नीट पोचवल्याचं समाधान होतं. “चालते ना, बाई?”

“चालते,” आचल म्हणाली, आणि तिनं मान थोडी पुढे केली.

मायाबाईंनी डबीत बोट बुडवलं. मग रीत म्हणून शकुनकडे पाहिलं. “लावू ना, ताई?”

रीत म्हणून विचारलेल्या प्रश्नाला रीत म्हणून उत्तर असतं. शकुननं ते तोंडात तयार केलंही होतं.

“थांबा, ताई.”

आवाज गाइडचा निघाला, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. मागे रांगच नव्हती.

“आचल वापस नाही येनार.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज पार दूर जाईपर्यंत सगळे ऐकत राहिले.

“काय बोलून राहिली तू?” श्यामनं नारळ छातीशी धरला होता. “तीन वर्षं…”

“तीन वर्षानं बी नाही अन् त्याच्यामांगं बी नाही. ललितले वाट पाहाले नका लावू, ताई. बुढीले आशेवर नका ठेवू. तुमी चांगले लोक हा, म्हनून सांगतो.”

“हे तिनं म्हनलं?” वामनरावांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू होता.

आचलनं तोंड उघडलं. त्यातून कोणता शब्द येईल याचा शकुनला भरवसा नव्हता. तिनं तो येऊ दिला नाही.

“तिनं नाही. म्या म्हनलं तिले. जाय, अन् येऊ नको.”

असं तिनं आचलला कधीच म्हटलं नव्हतं. आत्ता म्हटलं, सगळ्यांच्या देखत, तिच्याकडे न पाहता. पाहिलं असतं तर म्हणता आलं नसतं.

मायाबाईंचं बोट तसंच वर होतं. बोटावर घेतलेलं कुंकू डबीत परत जात नाही, आणि पदराला तर कोणी पुसत नाही. त्यांनी त्या लाल बोटाकडे पाहिलं. मग गुडघा धरून एक पायरी चढल्या आणि ते शकुनच्या कपाळावर टेकवलं.