अक्रोडाची दोन पानं

वडील गेले आणि वर्षाच्या आत दोघा भावांनी कारखाना वाटून घेतला. भांडण कशावरून, तर गिटारीच्या पोटात चिकटवायच्या चिठ्ठीवर नाव कुणाचं, यावरून. थोरला म्हणे, बाबांचंच राहील. धाकटा म्हणे, हात माझे तर नाव माझं. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी आत्याला मध्ये पडावं लागलं.

आत्या न्यायाची पक्की, पण लाकडातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. रंधे, पटाशा तिने सरळ निम्मेनिम्मे केले. मग व्हीनिअरचा गठ्ठा पुढे आला. अक्रोडाच्या लाकडाची जाड कागदाएवढी पातळ पानं. निरनिराळ्या ओंडक्यांतून वडिलांनी जोड्या निवडून एकावर एक ठेवलेली. जोडीतली दोन पानं पुस्तकासारखी उघडली, की डावीकडची नक्षी उजवीकडे आरशात पाहावी तशी उमटते. गिटारीची पाठ सजते ती तशाच जोडीने. आत्याने मात्र पत्ते वाटावेत तसं, एक तुला, एक त्याला करत सगळा गठ्ठा संपवला. एकूण एक जोडी फुटली. दोघं भाऊ बघत उभे होते, पण तोंड कुणीच उघडलं नाही. आधी बोलेल तो नमला, एवढंच दोघांच्या डोक्यात.

त्यानंतर एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन दुकानं झाली. धाकट्याने आपल्या वाट्याची पानं अंधाऱ्या कपाटात टाकली. एकेकट्या पानाचं करायचं काय?

बऱ्याच वर्षांनी एके दिवशी दुपारी थोरल्याची मुलगी काकाच्या दुकानात येऊन स्टुलावर बसली.

"काका, मला गिटार करून दे."

"का? तुझ्या बाबांचे हात कुणी उसने नेलेत का?"

"बाबा म्हणतात, डावखुऱ्यांसाठी सगळं उलटं करावं लागतं. आधी उजव्या हाताने शीक, मग बघू."

धाकटा स्वतः डावखुरा. लहानपणी हेच वाक्य त्यानेही ऐकलं होतं. त्याला हसू आलं, मग जरासा रागही. तो उठला आणि कपाटातून त्याने सगळ्यात देखणं पान काढलं. वाऱ्यावर ज्वाळा हलाव्यात तशी त्याच्यावर नक्षी होती.

"पाठीला हे लावू. पण याचा जोडीदार तुझ्या बाबांकडे आहे."

"मग आणते की," पोरगी म्हणाली. जसं काही वाटीभर साखर आणायची होती.

दुसऱ्या दिवशी पान आलं, आणि त्याच्या मागोमाग थोरलाही. दारातच उभा राहिला.

"पान दिलंय. पण सरस तू एकटा लावणार? एका बाजूला दाबेपर्यंत दुसरीकडे गार होईल."

"मग ये ना आत, दादा. दारात उभा राहून काय दाबणार?"

दोन्ही पानं शेजारी ठेवली. नक्षी तंतोतंत जुळत होती, रंग मात्र नाही. थोरल्याने आपलं पान इतकी वर्षं दुकानाच्या काचेत मांडून ठेवलं होतं. उन्हाने अक्रोड फिका पडतो. ते मधासारखं झालं होतं. कपाटातलं तसंच गडद राहिलं होतं.

"तुझं महिनाभर उन्हात ठेव," थोरला म्हणाला.

"आणि तुझं काय कपाटात कोंडू?"

"असू दे की तसंच," पोरगी मध्येच म्हणाली. "मला आवडलंय."

दोन्ही पानांच्या कडा एकत्र धरून धाकट्याने रंधा मारला. सांध्यातून उजेड दिसेना, तेव्हा थोरल्याने नुसती मान हलवली. गरम सरसाचा उग्र वास खोलीभर पसरला. धाकट्याने पाठीच्या फळीवर ब्रश फिरवायचा, थोरल्याने पान टेकवून लाकडी पट्टीने मधून कडेकडे दाबत न्यायचं, की जास्तीचा सरस बाहेर येतो. "सरक", "धर", "हं" यापलीकडे बोलायची गरजच पडली नाही. कुणी काय करायचं हे हातांनीच ठरवलं. धाकट्याला त्याचं नवल वाटलं आणि जरा वाईटही. हात भांडलेच नव्हते.

सकाळी त्याने पाठीवर नखाने टकटक करून पाहिलं. सगळीकडे भरीव आवाज, पण सांध्याजवळ एका जागी पोकळ. आत हवा राहिली होती, आणि तीही फिक्या पानाखाली, थोरल्याच्या हातची. तो थबकला. गुपचूप दुरुस्त करणं म्हणजे चुटकीसरशी होणारं काम. कुणाला कळलंही नसतं. पण मग थोरला पुन्हा कशाला येईल? त्याने हात पुसले आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भावाला बोलावून आणलं.

थोरल्याने कान लावला, टकटक केली.

"माझ्याच बाजूला आहे."

"पाठ एकच आहे रे, दादा."

थोरल्याने लाकडाच्या रेषेच्या अंगाने सुरीची बारीक चीर दिली, ओला कपडा ठेवला आणि गरम इस्त्री टेकवली. वाफ निघाली, सरस मऊ झाला. मग तो कितीतरी वेळ अंगठा दाबून उभा राहिला, आणि धाकटा त्याच्यासाठी चहा टाकायला गेला.

गिटार तयार झाली तेव्हा थोरल्याच्या घरी सगळे जमले. पोरीने ती उलट्या बाजूला घेतली, म्हणजे तिच्या दृष्टीने सुलट्या, आणि शिकलेले चार सूर छेडले. दोन चुकले.

"खर्ज जड आहे," थोरला म्हणाला.

"लाकूड नवं आहे. वाजत वाजत मोकळं होईल."

"होणार नाही. आतली आधाराची पट्टी तू जाड ठेवलीस."

"मी? तूच म्हणालास, असू दे म्हणून!"

"अहो भाऊजी," वहिनी आतून ओरडली, "ताटं वाढली आहेत. भांडण संपलं की या, नाहीतर इथेच येऊन भांडा."

दोघं उठले आणि वाद घालतच आत गेले.