कोंडाण्याची काडीमोड

कळंबची विनिता कुणाला घाबरत नाही, असं कर्जतात बोललं जातं आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. तीन रिसॉर्ट चालवणारी बाई. मुंबईचे पाहुणे दारू पिऊन पोहण्याच्या तलावात बाटल्या फेकायला लागले, की ती स्वतः काठावर जाऊन उभी राहते आणि पाहुणे मुकाट्याने बाटल्या उचलतात. अशा बाईला एका नोटिशीनंतर आठवडाभर धड जेवण गेलं नाही.

नोटीस आली होती तिच्या दिरामुळे, जितेशमुळे. नवरा, कमलेश, फेब्रुवारीत वारला. त्याच्या जमिनीवर बायको म्हणून विनिताचं आणि मुलगी म्हणून हर्षलाचं नाव लागायचं होतं. जितेशने हरकत घेतली. विनिताचं पहिलं लग्न कोंडाण्याच्या गजाशी झालं होतं, ते कधी मोडलंच नाही, गजा अजून धडधाकट आहे. तेव्हा ही माझ्या भावाची बायको नव्हेच. कालपरवापर्यंत हाच जितेश वहिनीच्या हातचं कालवण मागून खायचा.

हर्षलाने नोटीस दोनदा वाचली. चोवीस वर्षांची, रिसॉर्टचं बुकिंग बघणारी शांत मुलगी. तिने एकच विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"काडीमोड झालीय, एवढं माहीत होतं."

"आणि मला एवढंही नाही."

त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतं बोलायला लागली.

जुनी माणसं लग्न मोडायला कोर्टात जात नसत. पंच बसायचे, दोन्हीकडच्यांनी काडीचं एकेक टोक धरायचं आणि मोडायची. संपलं. कागद नाही की शिक्का नाही. विनिता अठराव्या वर्षी कोंडाण्यात नांदायला गेली आणि पाचव्या महिन्यात परत आली. मारहाण नव्हती, जाच नव्हता. तिला तिथे राहायचंच नव्हतं, आणि हे कारण तेव्हा कुणी कारण धरत नसे. तिचे वडील, दत्ता, तिला आणि पंचांना घेऊन कोंडाण्याला गेले. गजा रानात जाऊन बसला तो अंधार पडेतो आलाच नाही. परतीच्या वाटेवर वडील म्हणाले, "मोडली म्हनून सांगायचं."

तिने तेच सांगितलं. कमलेशला सांगितलं, सासूला सांगितलं, आता मुलीलाही तेच सांगितलं. खरं काय ते एकटीच्या पोटात ठेवून तिने अठ्ठावीस वर्षं काढली होती. लग्नाच्या दर वाढदिवसाला केक कापताना तिला वाटायचं, आपण ह्या माणसाच्या घरात चोरून राहतोय.

गजाला गाठून बोलता आलं असतं. कोंडाणे काही परदेशात नाही. पण गेली नाही. तिला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सुनावणीला गजाला जितेशनेच आणलं, स्वतःच्या गाडीतून, वाटेत मिसळ खाऊ घालून. गजाच्या दाढीचे खुंट पांढरे झाले होते. त्याने विनिताकडे पाहिलं, ओळखीची मान हलवली आणि खुर्चीच्या टोकावर बसला. विनिता फरशीकडे बघत राहिली. शेजारी हर्षला बसली होती.

मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं, "यांची तुमची काडीमोड झाली होती का?"

"झाली ना."

जितेश ताडकन उठला. "अरे, तूच म्हनालास ना, मोडली नाय म्हनून!"

"तुमी इचारलंत, पंच हिला घेऊन आलते तवा मोडली काय. तवा नायच मोडली, मी रानात होतो. पुढं मोडली." गजा अधिकाऱ्यांकडे वळला. "साहेब, दोन वर्सांनी माजं छायाशी लगीन ठरलं. ही मागं तशीच ठेवून छायाला आनली असती तर छाया माजी कोन लागली असती? पंच बसवले. हिच्या बाजूनं हिच्या बापानं काडी धरली. त्या पंचांतला धाकलू हाय अजून, बोलवा हवं तर. हिचं दुसरं लगीन त्याच्याबी नंतरचं."

अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं आणि धाकलूसाठी पुढची तारीख दिली. जितेश फोन कानाला लावून बाहेर पडला. पलीकडे कुणी नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

विनिताने गजाला व्हरांड्यात गाठलं. गजालाही सुटायचं असेल, हे तिच्या मनात इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

"मला कुणी सांगितलं नाही रे."

गजाला आश्चर्य वाटलं. "आसं कसं? तू भिसेगावात खोली घेऊन ऱ्हायलीस तवा तुजा बा आलता ना. काडी मोडायला चल म्हनून एकदा, मोडली म्हनून सांगायला एकदा. तू दार नाय उघडलंस म्हनाला."

तो गेला. त्याला कोंडाण्याची टमटम पकडायची होती.

हर्षलाने आठवड्यानंतर पहिल्यांदा आईचा दंड धरला. "आजोबा आले होते?"

"आले होते. काडी मोडली नव्हती ना, मला वाटलं, परत नांदायला न्यायला आलेत. त्याच वर्षी वारले ते."

"दोन्ही वेळा नाही उघडलंस?"

"दोन्ही वेळा," विनिता म्हणाली, आणि तालुक्याच्या माणसांनी भरलेल्या त्या व्हरांड्यात तिला रडू आवरेना. "आतून कडी धरून उभी होते मी. 'विने, ऐक तर गं,' म्हणत होते."