बिनचष्म्याचा पंच

धुळ्यात मोटारसायकलचं सीट फाटलं की माणूस मुख्तारभाईंच्या दुकानात जातो, आणि सीट शिवून होईपर्यंत त्याला चौऱ्याण्णव सालची पेनल्टी ऐकावी लागते. तिच्यातून कोणाची सुटका नाही.

गोष्ट ठरलेली. धुळे विरुद्ध जळगाव, फुटबॉलची फायनल, एक-एक बरोबरी, शेवटची सहा मिनिटं. चेंडू मुख्तारभाईंच्या छातीवर आदळतो आणि पंच तोताराम सर हाताला लागला म्हणून पेनल्टी देतात. गोल होतो, कप जळगावला जातो. इथे मुख्तारभाई मशीन थांबवत आणि हमखास हशा पिकवणारं वाक्य टाकत, "अहो, पंचाच्या डोळ्यावर चष्माच नव्हता! दोंडाईच्याला घरी विसरून आला होता. आंधळ्याने दिलेली पेनल्टी आहे ती."

गिऱ्हाईक हसे. मुख्तारभाई हसत नसत. तीस वर्षं झाली, तरी तो काटा निघाला नव्हता.

ते दिवसच तसे होते. रिक्षाला भोंगा बांधून गावभर सामन्याची दवंडी फिरायची. मैदानावर चुन्याच्या रेषा पडल्या की पोरंटोरं, हमाल, वकील, सगळे भिंतीवर चढून बसायचे. मुख्तारभाईंचे अब्बा रेक्झिनचे आकडे कापून बनियनवर शिवून द्यायचे, आणि तो चार नंबर पाठीवर चढला की मुख्तारला आपण धुळ्याचे राजे आहोत असं वाटायचं. मध्यंतराला लिंबाची फोड तोंडात धरून झाडाखाली पडायचं, त्या आंबट चवीची आठवण आली तरी अजून त्यांचे डोळे भरतात. खेळ सुटला, गुडघे गेले, अब्बा गेले. राहिली ती पेनल्टी.

यंदा धुळ्याच्या फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. जुन्या मंडळींचा सत्कार ठरला आणि यादीत तोताराम सरांचं नाव आलं. मुख्तारभाई बैठकीतून उठले. "ते स्टेजवर येणार असतील तर मी येणार नाही. एक तर ते, नाही तर मी."

बोलला फक्त कौतिक. हा त्या संघाचा गोलकीपर, आता नरडाण्याजवळ शेती करतो. तो शांतपणे म्हणाला, "मुख्तार, पेनल्टी पंचनी दिधी, पन गोल तर मी खादा ना? मी डाव्या आंगे पडनू, बॉल उजव्या आंगे ग्या. मले कोनी शिव्या देत नही. त्या सरलेच का देतस समदा?"

"तुझी चूक खेळातली होती, कौतिक."

"आनि सरनी काय घरनी व्हती? तो बी मैदानमाच व्हता. तू सोता कॉर्नरवर रिकामा गोल चुकाडा, ते तुना गोष्टमा कधीच येत नही."

मुख्तारभाईंना हे झोंबलं. पण माणूस हट्टाला पेटला की शहाण्याचं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, "पुरावा आणतो. मग बोला."

पुरावा खरंच होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या रुपचंदने ती फायनल कॅमेऱ्यात घेतली होती. रुपचंद वारला, पण त्याच्या मुलाने कपाटातल्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला काढल्या होत्या, त्यात ही निघाली. मुख्तारभाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी शुक्रवारी दुपारी दुकानात पंधरा-वीस जण बोलावले, चहा सांगितला, आणि मुलीचा, रुखसारचा, लॅपटॉप काउंटरवर मांडला. कौतिकही आला होता.

चित्र सुरू झालं आणि दुकान तीस वर्षं मागे गेलं. कोणी स्वतःचे काळे केस बघून हळहळला, कोणाला भिंतीवर बसलेला आपला मयत भाऊ दिसला. मुख्तारभाईंनी अब्बांना ओळखलं. टोपी सावरत ते रेषेजवळ उभे होते.

मग ती वेळ आली. जळगावचा पोरगा चेंडू घेऊन आत घुसला, मुख्तार आडवा गेला, सगळे पुढे सरसावले. आणि नेमक्या त्याच वेळी रुपचंदने कॅमेरा वळवून स्टेजवर नेला. उभी हयात लग्नं शूट केलेला माणूस तो! प्रमुख पाहुण्यांना हार घातला जात होता आणि रुपचंदच्या हिशेबी हारापेक्षा महत्त्वाचं जगात काही नव्हतं. पाहुणे नारळपाणी प्यायले. मागून शिट्टीचा आवाज आला, गलका उठला. चेंडू छातीला लागला की हाताला, ते फक्त अल्ला जाणे.

दुकानात हशा पिकला. मुख्तारभाईही कसंनुसं हसले. तेवढ्यात कॅमेरा मैदानावर परतला.

तोताराम सर मध्यभागी उभे होते, खेळाडूंनी घेरलेले. त्यांच्या डोळ्यावर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा होता आणि मागून नाडीने बांधलेला होता. गर्दी फाडून चार नंबरचा बनियन पुढे आला. त्याने सरांची कॉलर धरली आणि खाडकन तोंडात मारली. नाडी तुटली, चष्मा उडाला, कोणाच्या तरी बुटाखाली गेला.

कोणी हसलं नाही. ज्यांनी तेव्हा हे पाहिलं होतं, त्यांनीही भिडेपोटी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पडद्यावर पन्नाशीचा तो शिक्षक गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गवत चाचपत होता. फ्रेम सापडली. एक काच गेलेली होती. त्याने ती फ्रेम रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, उठला, डोळे बारीक करून चेंडू पेनल्टीच्या खुणेवर ठेवला आणि शिट्टी वाजवली. उरलेली सहा मिनिटं तो तसाच धावला.

रुखसार हळूच म्हणाली, "अब्बा, चष्मा तर होता."

चष्मा नसलेले सर मुख्तारभाईंना आठवत होते ते खरंच होतं. आठवणीने फक्त स्वतःचा हात तेवढा पुसून टाकला होता! आणि ज्याला मारलं त्याच माणसावर तीस वर्षं त्यांनी दुकानभर हशा पिकवला होता. त्यांना स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीने दोंडाईच्याला गेले. दार सरांनीच उघडलं. ऐंशीचे, वाकलेले, पण आवाज तोच मैदानावरचा.

"चार नंबर," सर म्हणाले. "ये, बस."

मुख्तारभाईंना बसवेना. उभ्यानेच हात जोडून ते म्हणाले, "सर, मी तुम्हाला मारलं होतं. आणि वर तुमचीच टिंगल करत आलो. माफ करा."

सर म्हणाले, "लागलं तर होतं. गालापेक्षा जास्त आत. परत येताना एसटीची पाटी वाचता येईना, कंडक्टरला विचारावं लागलं. वाटलं, उद्या हा पोरगा येईल, विचारेल, सर, तुम्हाला नक्की काय दिसलं? मी खरं सांगितलं असतं."

"काय खरं, सर?"

"की मधे एक खेळाडू आला होता. मला तुझा वर गेलेला हात दिसला आणि चेंडूचा आवाज आला. तेवढ्यावर शिट्टी वाजवली. चुकलंही असेल, मुख्तार. मैदानात बावीस जण आपापल्या बाजूने बघतात, एकट्या पंचाला कोणाच्याच बाजूने बघायचं नसतं. पण डोळे त्यालाही दोनच. चूक कबूल करायला मी तयार होतो रे. पण तोंडात मारून घेतल्यावर कोण कबूल करतं? मग माणूस नुसता ताठ उभा राहतो. आता तू सांग. लागला होता हाताला?"

मुख्तारभाईंनी आठवून पाहिलं. छातीवर आदळणारा चेंडू त्यांना स्पष्ट दिसला, पण तो गोष्टीतला चेंडू होता, हजार वेळा सांगितलेला. त्याच्यामागचा खरा चेंडू कुठेच नव्हता.

"सर, मलाही आठवत नाही."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले, आणि म्हाताऱ्याला हसू फुटलं.

क्लबच्या कार्यक्रमात सर आले. मुख्तारभाईंनी माईक हातात घेतला आणि ती गोष्ट सांगितली. या वेळी कॉर्नरवर चुकलेल्या गोलासकट, तोंडात मारलेल्या त्या हातासकट, गवत चाचपणाऱ्या सरांसकट. सांगताना ते रडले, आणि रडणं लपवलं नाही. समोर मोबाइल उंचावलेली नवी पोरं बसली होती. मागच्याच महिन्यात त्यांनी एका तरुण पंचाची चूक व्हिडिओ करून गावभर पसरवली होती, तो पंच मग फिरकलाच नव्हता. एकेक मोबाइल खाली आला.

मंडळी, पंच चुकतो. शिक्षक चुकतो, डॉक्टर चुकतो, आपला बाप चुकतो. त्यांची चूक जरूर दाखवा, पण समोर बसून, विचारून दाखवा. हात उगारला, टिंगल केली, की त्याची चूक तिथेच राहते आणि आपली सुरू होते. त्याची एका शिट्टीची असते, आपली तीस वर्षं चालते. आणि जिच्यावर आपण खुशाल हसत असतो त्या गोष्टीतून आपण काय गाळलं आहे, ते आज घरी जाऊन एकदा आठवून पाहा. ज्याचा अपराध केला त्याचं घर शोधा आणि लवकर जा. मुख्तारभाईंचं नशीब थोर, की ते गेले तेव्हा दार उघडायला सर होते.