चिकाचे डाग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शिरपूर-चोपडा रस्त्यावर महावीरशेठची केळीची वखार आहे, तिथल्या टेबलावर मी बसतो. माझ्या काचेवर रक्ताळलेल्या बोटाचा एक ठसा आहे. तो अजून कोणी पुसलेला नाही.

फाटकावरच्या कॅमेऱ्याचे फोटो साठवायचे आणि मागितला तो चेहरा शोधून द्यायचा, हे माझे काम. शेठची मुलगी जिनल मला चालवते. हजारो फोटोंतून मी चुटकीसरशी माणूस काढून देई. शेठ आल्यागेल्यापुढे माझे गोडवे गात आणि मी फुशारून जाई.

एके दिवशी भरदुपारी कुणीतरी मुकादम निंबाभाऊंच्या मानेवर केळी कापायचा कोयता घातला. त्यांनी अंगणातच जीव सोडला. मारेकरी तोंडाला रुमाल बांधून फाटकातून पळाला. जिनलने त्याचा फोटो माझ्यापुढे टाकला. शर्टावरचे काळे डाग मी कचरा समजून पुसले, मला तसेच शिकवले होते. मग डोळे आणि कपाळ जुळवून उत्तर दिले: नवीन नावाचा हमाल, एक्क्याण्णव टक्के.

"पप्पा, थांबा, हा नुसता अंदाज आहे," जिनल म्हणाली. शेठनी ऐकले नाही. अंगणात जाऊन त्यांनी नाव ओरडले आणि हमालांची टोळी नुकत्याच फाटकातून आत आलेल्या नवीनवर तुटून पडली. लाथा, काठ्या, पहार. त्याचा उजवा खांदा मोडला, तो आवाज मी आत ऐकला. कोणीतरी कोयता उचलला.

तेवढ्यात निंबाभाऊंची बायको कुंदाबाई रक्ताळलेल्या हातांनी आत आली. "माले त्याना फोटो दखाड!"

जिनलने डाग न पुसलेला मूळ फोटो लावला. कुंदाबाईने काचेवर बोट टेकवले आणि ती किंचाळली, "थांबा रे! हाऊ नवीन नई शे! नवीन उजवा खांदावर घड लेस. हाऊ चीक डावा खांदावर शे!"

केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही. घड वाहणाऱ्याचा खांदा त्यानेच काळा होतो; नवीनचा उजवा, फोटोतल्या माणसाचा मात्र डावा. कुंदाबाई धावत गेली आणि नवीनवर आडवी पडली. कोयता वरच थांबला.

मग जिनलने मला डाव्या खांद्यावरचे डाग शोधायला सांगितले. मी साठ्यातून सात माणसांचे फोटो शोधून दिले. कुंदाबाईने त्यांतला एक दाखवला. निंबाभाऊंनी टोळीतून काढलेला माणूस होता तो. संध्याकाळी पोलिसांनी त्याला अमळनेरच्या स्टँडवर धरले.

नवीनला आता घड उचलवत नाही. फाटकातून जाताना तो कॅमेऱ्याकडे पाठ करतो. मला फार लाज वाटते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मी कुणाचे नाव सांगितले, तर हात उगारण्याआधी त्याला ओळखणारे माणूस माझ्यापुढे आणून बसवा.