चष्म्यांच्या दुकानातलं लाटणं

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. रस्ता दाबणारा नव्हे, पाय दाबणारा. हातभर लांब, काळा, गोल, आणि इतका हलका की पंख्याचा वारा लागला तरी गडगडत कोपऱ्यात जातो. पोहून, सायकल मारून आणि धावून ज्यांच्या पोटऱ्यांचे दगड होतात, अशी माणसं मला जमिनीवर ठेवतात, वर पाय टाकतात आणि मागे-पुढे सरकतात. तेव्हा त्यांच्या तोंडून जे आवाज निघतात ते ऐकून शेजाऱ्यांना वाटावं, आत कुणाला तरी सोलून काढताहेत. मला मात्र ते आवाज आवडतात. दुखणं बाहेर पडताना असाच आवाज होतो.

माझा जन्म एका गरम साच्यात झाला. मोहरीएवढे काळे दाणे त्यात ओतले, वाफ सोडली, दाणे फुगून एकमेकांना बिलगले आणि झालो मी. त्या वाफेची मला अजून स्वप्नं पडतात. मग बरेच दिवस मी एका दुकानात चेंडू आणि उड्या मारायच्या दोऱ्यांच्या मधे उभा होतो. तिथून मला ताईनं आणलं.

ताईचं चष्म्यांचं दुकान आहे. दुकानाच्या मागे डोळे तपासायची खोली आहे, तीच माझं घर. तिथे एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंतचा तक्ता आणि उरलेल्या तीन भिंतींवर आरसे. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की ते या आरशातून त्या आरशात जायचं, आणि एका रोलरचे वीस रोलर दिसायचे. मला वाटायचं, आपलं केवढं मोठं खटलं आहे! मग ऊन सरकायचं आणि मी पुन्हा एकटा उरायचो.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं, आणि त्या खोलीत तिघं जमायची. एक ताई. दुसरा तिचा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, चांगला दाढीमिशीवाला बाप्या, पण ताईच्या तोंडी अजून ‘बाळ्या’च. तिसरे काका. ते नात्यातले कुणी नव्हेत, दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झाले होते आणि घरी बसून कंटाळले होते. या तिघांनी ठरवलं होतं की गावाबाहेरच्या तलावावर दर वर्षी शर्यत होते, तिच्यात उतरायचं. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल टाकून धावायचं, सगळं एका दमात. ट्रायथलॉन म्हणतात तिला. काका म्हणायचे, “तीन तिघाडा, काम बिघाडा.”

मी आलो त्या दिवशी बाळ्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं. “ए ताई, हे लाटणं कशाला आणलंस? कुणाला लाटायचंय?”

“तुला,” ताई म्हणाली. “झोप पालथा.”

तेव्हापासून माझं नाव लाटणं पडलं. काकांनी मात्र पहिल्या दिवशी मला उशाला घेतलं आणि घोरायला लागले.

बक्षिसाची हाव यांच्यापैकी कुणालाच नव्हती. शेवटचा नंबर आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत जायचं, एवढंच. त्यातून ताईचं तर निराळंच होतं. लहानपणी ती पाण्यात पडली होती. तेव्हापासून खोल पाण्याच्या काठाशीही ती जायची नाही. चाळिशी आल्यावर ती पोहायला शिकली, पोरासोरांच्या रांगेत उभी राहून, पोहायच्या टाकीची कड घट्ट धरून. शर्यतीच्या दिवशी मोठा तलाव आपण आपल्या हातांनी पार करायचा, हे एक स्वप्न ती उराशी बाळगून होती. ती ते कधी बोलायची नाही, पण माझ्यावर पाय टाकून छताकडे बघायची तेव्हा तिचे हात हवेत हळूहळू पोहत असायचे.

काकांनी एक नियम घातला होता. आठवड्याचं ध्येय ठरवायच्या आधी प्रत्येकाचे पाय बोलले पाहिजेत. एकानं माझ्यावर पाय टाकायचा, दुसऱ्यानं तो धरून सरकवायचा आणि दुखेल तिथे ‘इथे’ म्हणायचं. कुणी ‘इथे’ म्हटलं की त्या आठवड्यात सगळ्यांचंच ध्येय खाली यायचं. एकाला दुखलं की तिघं थांबणार.

“आपण एका बसचे प्रवासी,” काका म्हणायचे. “कुणाला मागे टाकून जायचं नाही.”

नियम मोठा प्रेमाचा होता. त्यानं ताईची टाच वाचली, काकांचा गुडघा वाचला. माझं कौतुकही फार व्हायचं. ताई मला ओल्या फडक्यानं पुसायची आणि खुर्चीखाली आडवा ठेवायची. मी त्या दिवसांत फार सुखात होतो.

पण मित्रांनो, अति तिथे माती. पहिल्या वर्षी ऐन शर्यतीच्या आधी काकांची पाठ धरली आणि तिघांनीही शर्यत सोडली. दुसऱ्या वर्षी बाळ्याची पोटरी लचकली आणि पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा ताई ठणठणीत होती. “जाऊ दे रे, तलाव काय पळून जातोय?” असं म्हणून ती हसली आणि दोघांना घरी पाठवलं. दुसऱ्या वेळी ते गेल्यावर मात्र ती तपासायच्या खुर्चीत बसली, पोहायचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि छातीत श्वास भरून हळूहळू सोडत राहिली. संध्याकाळचा उजेड होता. तीन आरशांत तीन ताया पाण्याखाली बसल्यासारख्या दिसत होत्या. बाळ्या विसरलेलं हेल्मेट न्यायला परत आला होता. दारातून त्यानं हे पाहिलं आणि हेल्मेट तसंच ठेवून चोरपावलांनी निघून गेला.

तिसरं वर्ष उजाडलं. शर्यत जवळ येत चालली आणि एका रविवारी बाळ्याचा डावा पाय माझ्यावर आला तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. मला डॉक्टरकी येत नाही, पण पायांशी माझी जुनी सोयरीक आहे. दमलेला स्नायू आधी कुरकुरतो, मग सैल पडतो. नडगीच्या आतल्या बाजूचं हे दुखणं सैल पडेना. ते हाडातलं होतं. माझा स्पर्श होताच बाळ्यानं दोन्ही हातांवर भार घेतला आणि पाय माझ्यावर नुसता तरंगत ठेवला.

“दुखतंय का?” काकांनी विचारलं.

“छे! मस्त वाटतंय.”

तो ‘मस्त’ ऐकून ताईचा चेहरा फुलला. पुढच्या आठवड्याचं धावणं वाढलं. पुढच्या रविवारी पुन्हा ‘मस्त’, पुन्हा वाढ. बाळ्या आता जिना उतरताना कठड्याला धरून उतरायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस आता दुसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्ट वापरायला लागला, तरी कुणाला काही वाटलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तोंड नाही, म्हणून मी त्या पायाखाली शक्य तितका मऊ होत राहिलो. दुसरं मी काय करू शकत होतो?

शर्यतीला थोडेच दिवस उरले होते. त्या रविवारी ताईनं स्वतः बाळ्याचे पाय धरले. उजवा सरकवला, मग डावा. मग ती थांबली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना ती नेहमी विचारते तसं, अगदी त्याच आवाजात तिनं विचारलं, “बाळ्या, पहिला बरा की दुसरा?”

बाळ्या हसला. “अगं, मी काय चष्मा करायला आलोय?”

“सांग ना. हा बरा,” तिनं उजवा पाय सरकवला, “की हा?” आणि डावा सरकवला.

बाळ्या गप्प राहिला. क्षणभरच. मग म्हणाला, “दोन्ही सारखेच.”

ताईनं पाय खाली ठेवला. तिचा आवाज बदलला होता. “इतकी वर्षं भिंगं बदलतेय मी. ज्याला दिसतं तो पटकन सांगतो. जो विचार करून सांगतो त्याला दिसत नसतं, आणि मला बरं वाटावं म्हणून तो ‘सारखेच’ म्हणतो. कुठे दुखतंय?”

मग बाळ्यानं नडगीवर बोट ठेवलं आणि फार बारीक आवाजात म्हणाला, “इथे.”

डॉक्टरांनी सांगितलं की हाडाला बारीक तडा जायला सुरुवात झालीय. यावर धावला असता तर पाय पार मोडला असता. आता काही महिने धावणं बंद.

दवाखान्यातून तिघं सरळ खोलीत आली. ताईनं तिथल्या तिथे सांगून टाकलं, “ठीक आहे. यंदाही नाही जायचं. पाय महत्त्वाचा.”

तेव्हा बाळ्या भडकला. एवढं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. “हेच! हेच नको होतं मला! म्हणूनच नाही सांगितलं. माझा पाय दुखला की तुझा तलाव जातो. मागच्या वर्षी पाहिलंय मी तुला, या खुर्चीत, चष्मा लावून बसलेली. पुन्हा नव्हतं पाहायचं मला.”

“अरे, पण पाय मोडला असता तर?”

“मोडला असता. तू तर पोहून आली असतीस.”

ताईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. बाळ्याही तिच्याशेजारी बसला. डोळे पुसायला जवळ काही नव्हतं, म्हणून त्यानं चष्मे पुसायचं फडकं दिलं.

काका खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. ते वळले आणि म्हणाले, “चूक नियमाची आहे, पोरांनो. एवढी वर्षं गाडी चालवली मी. एखाद्याला मधेच उतरायचं असलं तर त्यानं घंटी वाजवायची, मी गाडी थांबवायचो, त्याला नीट उतरवायचो. पण म्हणून बाकीच्यांना खाली उतरवून गाडी डेपोत नाही नेली कधी. तसं केलं असतं तर लोकांनी घंटी वाजवणंच सोडलं असतं, धावत्या गाडीतून उड्या टाकल्या असत्या. यानं तेच केलं.”

मग त्यांनी नवा नियम घातला. ज्याला दुखेल त्यानं उतरायचं, बाकीच्यांनी पुढे जायचं. ताईला हा नियम पाळणं फार जड गेलं. स्वतः उतरणं सोपं असतं, भावाला रस्त्याकडेला बसवून आपण पुढे जायचं म्हणजे काळजावर दगड ठेवायचा. ती हो म्हणाली, पण मान वर करून म्हणाली नाही.

शर्यतीच्या सकाळी तलावावर धुकं होतं. बाळ्यानं मलाही बरोबर नेलं होतं. धावायच्या रस्त्याकडेला तो घोंगडी टाकून बसला, डावा पाय माझ्यावर अलगद ठेवला. समोर पाणी कुठे संपतंय आणि आकाश कुठे सुरू होतंय ते कळत नव्हतं. त्या पांढऱ्या धुक्यात रंगीत टोप्या एकेक करून विरघळत गेल्या. त्यात ताईची होती आणि काकांचीही. मला वाटलं, पुन्हा साच्यात आलोय मी, तीच वाफ, तीच ऊब, आणि आता यातून कुणीतरी नवं जन्माला येणार. बाळ्या श्वास धरून बसला होता. धुकं जरा विरळ झालं तेव्हा पलीकडच्या काठावर ताईची टोपी वर आली, पडली, पुन्हा उठली आणि धडपडत सायकलींकडे पळाली.

“आली!” बाळ्या कुजबुजला. “आली रे बाहेर.”

काही वेळानं काका टॉवेल गुंडाळून आमच्यापाशी येऊन टेकले. “पाठीनं घंटी वाजवली. उतरलो,” ते म्हणाले आणि ऐटीत पाय पसरून बसले. आजवर कुणाच्या तोंडून हार इतकी झकास वाटली नव्हती.

मग ऊन चढलं, धुकं गेलं आणि वळणावरून ताई धावत येताना दिसली. धावत कसली, पाय ओढतच होती. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद. तिनं पाहिलं की दोघंही रस्त्याकडेला बसलेत. तिचा वेग कमी झाला. तिचं एक पाऊल आमच्या दिशेनं वळलंसुद्धा.

“थांबते की काय ही?” काका अर्धे उठले.

बाळ्यानं काही हाक मारली नाही. त्यानं फक्त मान हलवली, नाही अशी.

ताईचे डोळे भरून आले होते, तरी ती थांबली नाही. आमच्यासमोरून गेली, पुढच्या झाडापाशी गेली, त्याच्याही पुढे गेली. तिच्या बुटांचा आवाज लांब जाऊन ऐकू येईनासा झाला तोपर्यंत बाळ्या टाळ्या वाजवत होता आणि दाढीवरून पाणी ओघळू देत होता.

मित्रांनो, आता माझं वय झालं. अंगाचे दाणे सुटायला लागलेत, मधे खळगा पडलाय. मला जपा असं मी म्हणणार नाही, नवा रोलर कुठेही मिळतो. पाय मात्र नवे मिळत नाहीत. कुठे दुखत असेल तर ते लहान आहे तोवरच सांगून टाका. आणि दुसऱ्या कुणी सांगितलं, तर त्याचं दुखणं त्याला महाग पडू देऊ नका. त्याला नीट बसवा, पाणी द्या आणि तुमच्या वाटेनं जा. तुम्ही जाताय हे पाहूनच तो लवकर बरा होतो.