अकरा नंबरची ओळ

"चौदा खेळाडूंतले जुने किती?" नीनाने विचारलं.

"दोन."

"मागच्या वर्षी तीन होते."

"मागच्या वर्षी तीन होते," शशी टिपणिसांनी मान्य केलं आणि निळ्या पेनाचं टोपण काढलं.

बुधवार, दुपारचा सव्वा वाजलेला. ईलिंगजवळच्या एका विद्यापीठाचं क्रीडागृह. बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला लांब टेबल. नीनापुढे घड्याळाची बटणं, टिपणिसांपुढे स्कोअरशीट. दोघांनी एकाच हॉस्पिटलात नोकरी केली. ती वॉर्ड सिस्टर होती, ते ब्लड बँकेत. आता दोघं निवृत्त. एकोणीस वर्षं टिपणीस हे टेबल सांभाळत होते. मुलगा परीक्षित इथे शिकताना खेळायचा म्हणून सुरुवात झाली. परीक्षित कॅल्गरीला गेला, टिपणीस टेबलापाशी राहिले. आता ते आपल्या संघातली मुलं मनात मोजत होते.

*क्र. ४. नवा. लिथुआनियाचा. एका वर्षाचा मास्टर्स.*

*क्र. ५. नवा. टेक्ससचा. एका वर्षाचा मास्टर्स.*

*क्र. ७. जुना. गुडघा दुखावलेला, दुसऱ्या कुणी नेला नाही, म्हणून जुना.*

"आमच्या वॉर्डात शेवटी शेवटी असंच झालं होतं," नीना म्हणाली. "रोज एजन्सीची नवी नर्स. नाव पाठ होईस्तोवर शिफ्ट संपायची. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या रे? शर्टासाठी?"

"टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवायच्या नसतात."

"माहितीये रे बाबा. पिशवीत काय आहे?"

टिपणिसांनी पिशवी पायाने आत ढकलली. "काही नाही."

"थालीपिठाचा वास लपत नाही, शशी. डेव्हिनसाठी?"

टिपणिसांनी स्कोअरशीट पुढे ओढलं. पाहुण्यांची यादी आधी आली होती, म्हणून ती आधी उतरवायला घेतली. उत्तरेकडचं मोठं विद्यापीठ. सगळी नावं अनोळखी, एक सोडून. तेवीस नंबर. डेव्हिन हॉलवे.

डेव्हिन ओहायोचा. गेल्या वर्षी तो ह्याच संघाकडून खेळत होता, अकरा नंबरचा शर्ट घालून. टिपणिसांच्या बायकोला, सुप्रभाला, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. डब्यात तिनेच भाजून ठेवलेली शेवटची भाजणी होती, आणि ती संपवायची टिपणिसांची हिंमत होत नव्हती. एका सामन्यानंतर डेव्हिनने विचारलं, अंकल, इथे जवळपास खरं जेवण कुठे मिळतं? त्या रविवारी टिपणिसांनी डबा उघडला. पहिलं थालीपीठ तव्याला चिकटलं. दुसरंही. डेव्हिनने दोन्ही खाल्ली आणि तिसरं मागितलं. मग दर रविवारी. खेळायला उतरण्याआधी बदली खेळाडूला टेबलापाशी यावं लागतं. डेव्हिन यायचा तेव्हा बोटांच्या पेरांनी दोनदा टेबल वाजवायचा. टकटक. आलोय, अंकल.

जूनमध्ये त्याचा मेसेज होता, सप्टेंबरात भेटू. ऑगस्टमध्ये नीनाने फोनवर एक फोटो दाखवला. डेव्हिन, दुसऱ्या रंगाच्या शर्टात.

कोच म्हणाला होता, बेटर ऑफर, शशी. हल्ली असंच असतं. मीही उन्हाळाभर दुसऱ्यांची मुलं उचलतच असतो.

टिपणिसांनी त्याचं नाव लिहिलं. पुढे यजमानांच्या रकान्यात आले. चार, पाच, सात, आठ, अकरा, बारा. तेरा ओळी झाल्या, कारण एकाचा पाय घोट्यात मुरगळला होता. चौदावी रिकामी. सामन्याआधी दहा मिनिटं कोच आला. चष्मा न लावताच सही करून गेला.

---

डेव्हिन मैदानात उतरला तेव्हा गॅलरीतून आरडाओरडा झाला. "ट्रेटर! ट्रेटर!" पहिल्या रांगेतला एक मुलगा सगळ्यात जोरात ओरडत होता.

"हा ह्याच वर्षी ॲडमिशन घेऊन आलाय," नीना पुटपुटली. "त्याने डेव्हिनला आपल्याकडून खेळताना बघितलंसुद्धा नाहीये."

डेव्हिनने टेबलाकडे पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल. टिपणीस तेव्हा पाहुण्यांच्या सुरुवातीच्या पाच जणांपुढे खुणा करत होते.

---

तिसरा क्वार्टर. यजमान अठरा गुणांनी मागे. एक उंच, सावळा मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याने हुडी काढली. अकरा नंबर.

"काका, मी जाऊ का? कोच सांगितला."

"मराठी?" नीना चमकली.

"हो. कुश नाडकर्णी. वॉटफर्डचा. माझी फर्स्ट मॅच आहे. तिकडे आई बसला आहे." गॅलरीत एक बाई दोन्ही हातांत फोन धरून बसली होती.

टिपणिसांनी शीटवर अकराची ओळ शोधली.

हॉलवे, डी.

त्यांच्याच अक्षरात. सरळ, स्वच्छ, निळ्या शाईत. पाहुण्यांच्या रकान्यात तेवीससमोर, आणि इथे अकरासमोर. वर्षभर त्या ओळीत हात जसा गेला, तसाच आजही गेला होता. खाली कोचची सही.

नीनाने वाकून बघितलं. "अरे देवा." मग हळूच, "जाऊ दे त्याला. रेफरी नंबर बघतात, नाव कोण बघतंय? घरी गेल्यावर नीट कर."

"कोचची सही झाली आहे. आता यादी बदलता येत नाही."

"शशी, पोराची आई बघतेय."

"यादीत नाव नसलेला खेळू शकत नाही. नियम आहे."

"म्हणूनच म्हणतेय, गप्प बस."

टिपणिसांनी कुशकडे पाहिलं. बोलले तर मुलगा कदाचित बाकावरच राहणार. न बोलले तर कुणाला कळणारही नाही. वीस वर्षं ते रक्ताच्या पिशव्यांवरची नावं ताडून बघत आले होते. तिथे चुकीच्या लेबलवर बरोबर नाव चिकटवून कुणी घरी जात नसे.

चेंडू बाहेर गेला, खेळ थांबला. टिपणिसांनी बझर दाबला.

रेफरी आली. त्यांनी शीट तिच्याकडे फिरवलं. "माय मिस्टेक," ते म्हणाले. "नाव मी चुकीचं लिहिलं. ह्या मुलाचा दोष नाही." तिने दोन्ही कोचना बोलावलं. पाहुण्यांच्या कोचने बोट ठेवून ओळ वाचली आणि मान हलवली. नाव नाही म्हणजे नाही. कुशने हुडी पुन्हा अंगात घालायला घेतली.

तेवढ्यात टॉवेल खांद्यावर टाकून डेव्हिन मागून आला. कोचच्या खांद्यावरून त्याने शीट बघितलं. आधी आपल्या बाजूला, मग पलीकडच्या. बराच वेळ त्याची नजर तिथेच होती.

"दॅट्स मी, कोच," तो म्हणाला. "मागच्या वर्षी मी तिथे होतो. ही लिस्ट चोरून नाही बदलली कुणी." मग हळू आवाजात, "खेळू दे ना त्याला. आपण अठराने पुढे आहोत."

कोचने खांदे उडवले. रेफरी म्हणाली, नंबर बरोबर आहे, हरकत नसेल तर दुरुस्त करा. टिपणिसांनी पट्टी लावून नावावर एक आडवी रेघ मारली. वर बारीक अक्षरात लिहिलं, नाडकर्णी, के. बाजूला स्वतःची आद्याक्षरं. एकोणीस वर्षांतली शीटवरची पहिली खाडाखोड.

डेव्हिन वळला. जाताना त्याचा हात टेबलावरून गेला. टकटक मात्र झाली नाही.

कुश चार मिनिटं खेळला. एक फाउल, दोन गुण. टिपणिसांनी दोन्ही लिहिले.

---

सामना संपला. पाहुणे बावीस गुणांनी जिंकले आणि आवराआवर करू लागले. त्यांचा प्रवास लांबचा होता. बस दाराशीच उभी होती.

कुश धावत आला. "थँक यू काका. आई सगळी व्हिडिओ काढला."

"पुढच्या वर्षी आहेस ना?"

"आय होप. कोच समरमध्ये बघणार, नवीन लोक कोण येतंय." तो हसला आणि आईकडे गेला.

डेव्हिन दाराशी थांबला होता. त्याने हात वर केला, बसकडे बोट दाखवलं, आणि भुवया उंचावल्या. येताय का, बसपर्यंत?

शीट पूर्ण झालं नव्हतं. शेवटच्या गुणाखाली दोन रेघा, रेफरींच्या सह्या, आणि वापरल्या न गेलेल्या ओळींवर रेघ, म्हणजे मागाहून कुणाला तिथे नाव घुसवता येऊ नये.

टिपणिसांनी पेन दाखवलं. दोन मिनिटं.

डेव्हिनने मान डोलावली. बसमधून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

"जा तू," नीना म्हणाली. "रेघा मी मारते."

"स्कोअररनेच मारायच्या असतात."

"मग ते पुडकं दे, मी देऊन येते."

"नको. ते मी द्यायचं होतं."

नीनाने घड्याळाची वायर गुंडाळली, कोट चढवला. "पुढच्या बुधवारी," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून निघाली.

कोर्टावर दोघं जण बॅडमिंटनचं नेट ओढत होते. शीटची कोचने न्यायची पिवळी प्रत नेहमीप्रमाणे टेबलावरच राहिली होती. टिपणिसांनी ती घडी करून पिशवीत, फॉइलच्या पुडक्यावर ठेवली. मग मूळ शीट पुढे ओढलं. यजमानांच्या रकान्यात चौदावी ओळ अजून मोकळी होती.

त्यांनी पट्टी लावली.

बाहेर बस सुरू झाली. काचा थरथरल्या, टेबलही किंचित. त्यांनी डाव्या हाताने पट्टी घट्ट दाबून धरली आणि रेघ शेवटपर्यंत सरळ नेली.