पर्समधली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. आकाराने काजूएवढा, पण माझा तोरा काही कमी नाही. मला एकच खोड आहे. कुठे दाबले, चेंगरले की मी शिट्टी मारतो. या खोडीपायी मी जन्मभर बोलणी खाल्ली.

माझा जन्म एका थंड, स्वच्छ दालनात झाला. तोंडाला पट्टी बांधलेल्या बायकांनी भिंगाखाली माझ्या बारीक तारा जोडल्या. पुढे कानाच्या दवाखान्यात माझी गाठ आप्पांशी पडली. आप्पांचा उभा जन्म पत्र्याच्या कारखान्यात हातोडे ऐकण्यात गेला होता. उजवा कान कामातून गेलेला, डावा जेमतेम उरलेला. मी त्या डाव्या कानात जाऊन बसलो.

घरात पाऊल टाकताच आप्पा म्हणाले, "नळ गळतोय की गं!"

"केव्हाचा गळतोय," त्यांची बायको, म्हणजे माई, म्हणाली. "सांगून सांगून माझा घसा बसला."

आप्पांनी त्याच दिवशी नळ दुरुस्त केला. माझे कोण कौतुक झाले! पण कौतुक टिकते कुठे? म्हातारे दिसण्याची आप्पांना लाज वाटे. पाहुणे आले की ते मला खिशात कोंबत आणि मी तिथून शिट्टी मारी. "मेलं परत बोंबललं!" माई म्हणे. मला वाईट वाटे, खोटे कशाला सांगू?

मग आप्पांना न्यूमोनिया झाला. जंतू छातीतून रक्तात पसरले, रक्तदाब पडला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवले. दारातच कोणीतरी त्यांची अंगठी, कवळी आणि मला माईच्या हातात दिले. तिने मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. बॅटरीचे झाकण उघडले की मी बंद होतो, पण ते काम नेहमी आप्पा करत. माईच्या ते गावीही नव्हते. त्यामुळे मी पर्समध्ये जागाच राहिलो आणि माई जाईल तिथले सगळे ऐकत राहिलो.

आप्पांच्या घशात नळी होती आणि त्यांचा श्वास एक मोठे यंत्र चालवत होते. ती नळी सोसावी म्हणून गुंगीचे औषध द्यावे लागते. कोणते द्यायचे आणि किती, हाच तिथला मोठा पेच. डॉक्टरबाईंनी माईला नीट समजावले. "गाढ झोपवलं तर रक्तदाब आणखी घसरेल आणि मशीनवरून सुटायलाही उशीर होईल. म्हणून हलकं औषध देतोय. हाक मारली की डोळे उघडतील, सांगितलेलं करतील, एवढीच गुंगी." मला बाई आवडल्या. विचार करून बोलणारी माणसे मला आवडतात.

पण गाडे अडले. आप्पा डोळे उघडत, सैरभैर बघत आणि नळीकडे हात नेत. "आप्पा, हात दाबा! आप्पा, मान हलवा!" बाई त्यांच्या कानाशी ओरडत. आप्पा ढिम्म.

शेवटी बाईंनी माईला बाजूला घेतले. "जंतुसंसर्गामुळे त्यांना भ्रम झालाय. सांगितलेलं काही कळत नाहीये. नळी उपसली तर जिवावर बेतेल. आता गाढ झोपवावंच लागेल."

"आणि रक्तदाब?" माईने विचारले.

बाईंनी रक्तदाबाच्या आकड्याकडे पाहिले. "धोका आहे," त्या म्हणाल्या. "पण नळी निघाली तर त्याहून मोठा."

सिस्टरने सिरिंज भरायला घेतली. माईने पर्स छातीशी घट्ट कवटाळली, मी आत चेंगरलो आणि मित्रांनो, जन्मात मारली नव्हती अशी शिट्टी मारली!

सिस्टर दचकली. तिने औषधाचा पंप पाहिला, श्वासाचे यंत्र पाहिले, नाडीचा पडदा पाहिला. "कुठला अलार्म आहे हा?"

"अगं बाई, आमचंच आहे ते," माई ओशाळली. "ह्यांचं कानाचं यंत्र. घरीही अस्संच बोंबलतं मेलं."

बाई वळल्या. "त्यांना ऐकू येत नाही?"

"ह्याच्याशिवाय? छे! हातोडा आपटला तरी नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"म्हणजे मी इतके दिवस भिंतीशी बोलत होते," बाई म्हणाल्या. "सिस्टर, ते औषध राहू दे. आधी हे लावू."

माईने मला आप्पांच्या डाव्या कानात बसवले. बाई सवयीने ओरडल्या, "आप्पा! ऐकू येतंय का?"

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या, हात उचलला आणि तळवा दोनदा खाली दाबून दाखवला. हळू बोला!

सिस्टर खुदकन हसली. माई मात्र रडायलाच लागली. बाईंनी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात सांगितले, "घशातली नळी तुम्हाला श्वास देतेय. ओढू नका. बरं वाटलं की मीच काढीन." आप्पांनी मान हलवली आणि पुन्हा नळीला हात लावला नाही. हलकी गुंगी चालू राहिली, गाढ झोपेची गरजच पडली नाही. जंतू हटले आणि बाईंनी शब्द पाळून नळी काढली.

घसा मोकळा झाल्यावर आप्पा पहिल्यांदा माईवरच डाफरले. "झाकण उघडून ठेवायचं असतं गं. बॅटरी उतरते."

"बरं झालं नाही ठेवलं," माई म्हणाली.

तर मित्रांनो, घरच्या कोणाला दवाखान्यात न्याल तेव्हा त्यांचा चष्मा आणि माझे भाऊबंद पर्सच्या तळाशी टाकू नका, आठवणीने डॉक्टरांना सांगा. आणि कोणी हाकेला ओ दिली नाही, तर त्याला कळत नाही असे ठरवण्याआधी त्याला ऐकू येते का ते बघा. आता पाहुणे आले तरी आप्पा मला खिशात कोंबत नाहीत. रात्री काढताना मी त्यांच्या मुठीत अजून शिट्टी मारतो. माई आतून ओरडते, "बोंबल बाबा, बोंबल!"